गाडीचा मजकूर वगळून

राजाजीनगर, बंगळूर
४ ऑगस्ट १९९६

ती. सौ. अक्कास,
उमाकांतचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. राजलक्ष्मीला तुझ्याकडे बेळगावात येऊन चार महिने झाले. ती वेळेवर जेवते हे वाचून बरं वाटलं असं लिहायला हवं, पण खरं सांगतो, काही वाटलं नाही. मार्चमध्ये चार दिवसांच्या तापाने आमचा शार्दूल गेला, तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नाही.

एक बातमी आहे. मी गाडी घेतली. इटलीची अल्फा रोमिओ स्पायडर, १९६७ची, उघडी, लाल रंग विटलेला. हेब्बाळच्या एका म्हाताऱ्या साहेबांच्या शेडमध्ये उभी होती. आपला शार्दूल मित्राकडे जातो सांगून दर रविवारी ती पुसायला जात असे, आणि गाडी आपणच घेणार असा शब्दही त्यांना देऊन बसला होता. साहेब त्याची चौकशी करायला घरी आले, तेव्हा मला हे कळलं. तो गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. ते जायला उठले. मग मी म्हणालो, मी घेतो. का म्हणालो ते विचारू नकोस.

गाडी आधी मंगळूरला होती. इंजिन समुद्राकाठच्या हवेला बेतलेलं, त्यामुळे इथे तीन हजार फुटांवर पेट्रोल जास्त ओढतं आणि काळा धूर सोडतं. फार मोठं काम नाही, दोन-चार साध्या सुधारणा आहेत. पीण्या भागातल्या आपल्या वर्कशॉपात आणून ठेवली आहे.

पत्र नेहमीप्रमाणे घरात वाचून दाखव. बायकोला वेगळं पत्र घालायची आपल्याकडे रीत नाही, तेव्हा राजलक्ष्मीनेही यातच ऐकून घ्यावं. परत कधी यायचं ते तिने ठरवावं.

लोभ आहे तसाच राहो.
उमाकांत


बेळगाव
१३ ऑगस्ट १९९६

चि. उमाकांतास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. वर्ष सरायच्या आत घरात नवी वस्तू आणत नाहीत, हे या वयात तुला मी सांगायचं? त्यात ती उघडी. लहानपणी दुरुस्त करतो म्हणून माझं शिवणयंत्र उघडलंस, त्याचे तीन स्क्रू अजून डब्यात पडून आहेत. मला त्या गाडीचीच दया येते.

गाडीचा मजकूर मी राजलक्ष्मीला वाचून दाखवला नाही. पोराच्या चोरून केलेल्या गोष्टी आता ऐकून तिचं काय होईल कोण जाणे. तू खुशाल आहेस, एवढंच सांगितलं. ती सरी, बरं, म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. रडत नाही, बोलत नाही, घराचं नाव काढत नाही. माझ्याकडे ती जन्मभर राहिली तरी मला जड नाही, पण तुमचा संसार असा दोन गावांत मोडून पडलेला मला बघवत नाही. तू येऊन तिला घेऊन जा.

तब्येतीला जप. थोरल्या बहिणीचं ऐकलंस तर बिघडणार नाही.
महानंदा


राजाजीनगर, बंगळूर
८ सप्टेंबर १९९६

ती. सौ. अक्कास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

मजकूर वगळलास, ठीक आहे. मी लिहीत जाईन, तू गाळत जा. न्यायला ये म्हणतेस, पण तिच्यासमोर उभं राहून बोलायचं काय?

इंजिनाचं सांगतो. ठिणगी पाडणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. रेडिएटरला विजेचा पंखा लावला. एअर फिल्टर आणि प्लग नवे घातले. राहिले कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे ज्यांतून पेट्रोल मोजून जातं ते पितळेचे तुकडे. त्यांची भोकं मोठी होती. लहान भोक मोठं करता येतं, मोठं लहान करता येत नाही. म्हणून आपला जुना टर्नर नागनाथ याने लेथवर चार नवे जेट कातले. त्याआधी तीन मी बिघडवले, तेव्हा तुझ्या शिवणयंत्राची आठवण झाली.

काल इंजिन पहिल्याच किल्लीला लागलं. धूर नाही. आवाज ऐकून शेजारच्या कारखान्यांतली माणसं हातातलं काम टाकून आली. नागनाथ म्हणाला, अण्णा, स्वल्प हसा तरी. मी घड्याळात वेळ बघितली आणि इंजिन बंद केलं.

गाडीच्या खणात पुसायचं फडकं निघालं. राजलक्ष्मीच्या हिरव्या पातळाचं आहे. ते पातळ सापडत नाही म्हणून मागच्या दिवाळीत तिने घर डोक्यावर घेतलं होतं. फडकं मी होतं तिथेच ठेवलं.

मुलांना आशीर्वाद. धाकट्या भावावर राग धरू नये.
उमाकांत


बेळगाव
२० सप्टेंबर १९९६

नमस्कार.

मायना काय घालावा ते सुचलं नाही. एकोणतीस वर्षांत तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नव्हती.

तुमचं जाडजूड पाकीट येतं आणि आत तुम्ही खुशाल आहात एवढंच असतं, हे मला पटेना. काल अक्कांकडे पत्रं मागितली. त्यांनी डोळ्यांना पदर लावून सगळी काढून दिली. त्यांना काही बोलू नका. त्यांनी मायेपोटीच केलं.

एप्रिलमध्ये मला बसमध्ये बसवताना तुम्ही कधी येशील असं विचारलं नाहीत. नंतर पत्रांतही माझं नाव ऐकू येईना. मी तिथे नको आहे असं धरून बसले होते. आता वाचलं तर प्रत्येक पत्रात नाव आहे.

जेटचं काही समजलं नाही, तरी दोनदा वाचलं. पातळ हरवलं म्हणून मी आपल्या कामवाल्या गंगव्वाला वाटेल ते बोलले होते. आल्यावर आधी तिची क्षमा मागायची आहे.

येत्या २९ तारखेला, रविवारी सकाळी, बसने मॅजेस्टिकच्या स्टँडवर उतरेन. गाडी आणलीत तर बसेन, नाही आणलीत तर रिक्षाने जाऊ. अक्का वर्षाचा नियम सांगतात, पण आणलेली वस्तू आता काय परत द्यायची.

तुम्हाला काही वाटत नाही, असं लिहिलंत. मलाही वाटत नाही. इथे सगळी माणसं फार चांगली आहेत. परवा गौरीच्या हळदीकुंकवाला आलेली प्रत्येक बाई आत येऊन माझ्या डोळ्यांकडे बघून गेली. रड, मोकळी हो, म्हणतात. मला रडू येत नाही, आणि आई असून येत नाही याची लाज वाटते. तुम्ही मला रड म्हणणार नाही. म्हणून येते आहे.

राजलक्ष्मी