परवाना असला तरी

१ मार्च, शनिवार

ती हसली! अजून अंगातला कोट काढलेला नाही, पण हे आधी लिहून ठेवतो.

बंदुकांच्या मेळ्याच्या दारात तपासणीला नेहमीसारखे मी आणि डुएन. एक उंच टोपीवाला गुरांचा मालक हुज्जत घालत होता. त्याचं म्हणणं, परवाना खिशात आहे, भरलेलं पिस्तूल कमरेला लावून मी किराणा आणायला जातो, केस कापायला जातो, अख्ख्या ओक्लाहोमात कुणी हरकत घेत नाही, आणि बंदुकांच्या मेळ्यातच तेवढं रिकामं करू? डुएन समजावून थकला. बाहेरच्या वाळूच्या पिंपात नळी धरायची, काडतुसं काढायची, मग आम्ही चापामागून आरपार नारिंगी प्लॅस्टिकची पट्टी ओवून आवळणार, म्हणजे आत कुणी गंमत म्हणून ओढलं तरी काही व्हायचं नाही. तो ऐकेना. तेव्हा माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडलं —

परवाना हो तुमचा खरा,
तरी पिस्तूल रिकामे करा;
पट्टी ओवू, गाठ मारू,
मगच दाराच्या आत सरा!

त्यानं टोपी मागे सारली. मग हसला, आणि निमूट पिंपाकडे गेला. आणि माझ्या पाठीमागे आणखी कुणीतरी हसलं. नेड्रा स्टोव्हॉल!

मेळा भरवणाऱ्या आमच्या मंडळाची सेक्रेटरी. दारावरचे नियम तिचेच. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या गावच्या मेळ्यात एका भल्या माणसाचं ‘रिकामं’ पिस्तूल सुटलं आणि तिचा नवरा हॉईट जागच्या जागी गेला. त्यानंतर तिनं नियम लिहिले. त्यानंतर तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

आज मी पाहिलं.

२ मार्च

गहू वीतभर झालाय, वारा नुसता पिसाटलाय. शाळेत मिस पर्डींच्या वर्गात बाकावर उभं राहून म्हणायचो त्या सगळ्या कविता पिकअपमध्ये खड्या आवाजात म्हणत चर्चला गेलो. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच वर केली.

१४ मार्च

नेड्राचा फोन. त्या चार ओळी लिहून पाठवा म्हणाली, नियमांच्या खाली लावू. लोक नियम वाचत नाहीत, गाणं वाचतील. फक्त तो ‘हो’ काढा. नियमात ‘हो’ नसतो.

मी म्हटलं, ‘हो’ काढला तर ओळ लंगडते.

तिनं ‘हो’शिवाय ओळ म्हणून पाहिली. मग म्हणाली, ‘राहू द्या. पण तेवढा एकच.’

एका ‘हो’वर आम्ही अर्धी सकाळ बोललो! देवा, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात गिरकी घेतली. गुडघ्यानं तक्रार केली, मी लक्ष दिलं नाही.

२९ मार्च

ठरलं. येत्या मेळ्यात विचारणार. बैठकीबाहेर ती भेटते ती तिथंच. एरवी तिचं गाव तिकडे, माझं इकडे, आणि उगाच दारात जाऊन उभं राहायचं धाडस माझ्यात नाही. अंगणातल्या पेकनच्या झाडाचे अक्रोडासारखे दाणे घालून केक करीन, जेवणाच्या सुट्टीत पुढे ठेवीन, आणि विचारीन. लग्नाचंच. आडवळणानं बोलायला आता वेळ कुठाय?

डुएनला सांगितलं. म्हणाला, ‘घाई करा, कविराज. नाहीतर ती त्यावरही नियम काढेल.’

५ एप्रिल, शनिवार

केक छान फुगला होता. एवढं मात्र छान झालं.

दोन्ही हातांत केक, म्हणून पुढच्या दाराला न जाता मागून, हॉलच्या स्वयंपाकघरातून आत गेलो. केक ठेवला, फडक्यानं झाकला, शिट्टी वाजवत दाराशी येऊन बसलो. सकाळभर शेकडो लोकांना म्हटलं — परवाना असला तरी रिकामं करा. चालीवर म्हटलं! लोक टाळ्या देत होते.

दुपारी हॉल तापला. नेड्रा केक कापायला आली. मी जाकीट काढून खुर्चीला अडकवलं, शर्टाची कॉलर नीट केली, आणि तिच्याकडे वळलो.

ती माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. कमरेकडे बघत होती.

माझं रिव्हॉल्वर. टोपीसारखंच रोज सकाळी अंगावर चढवतो, चढवलंय हे आठवतही नाही. दरवेळी दाराशी आल्या आल्या डुएन ते रिकामं करून पट्टी लावतो. आज मी दारातून आलोच नव्हतो. पट्टी नव्हती.

 नेड्रा हळूच म्हणाली, ‘एमेट, बाहेर चला.’

पिंपाशी मी रिव्हॉल्वरची फिरकी उघडली. सगळी घरं भरलेली. माझ्या हातातून ते घेऊन काडतुसं तिनं काढली. मी पुटपुटलो, की विसरलो, माझा परवाना आहे, कुणाला इजा करायचा...

‘त्याच्याकडेही परवाना होता, एमेट.’

काडतुसं माझ्या तळहातावर ठेवून ती आत गेली. केक डुएननं गाडीत आणून ठेवला. कापलेला नव्हता.

१० एप्रिल

मंडळाची बैठक. नियम साधा आहे — भरलेलं घेऊन आत सापडला, की पुन्हा मेळ्यात पाऊल ठेवायचं नाही. कायमचं. दर मेळ्याला तो मीच मोठ्यानं वाचून दाखवतो.

सगळे चुळबुळत होते. कुणी म्हणालं ताकीद पुरे. डुएन म्हणाला, म्हातारा प्रेमात पडलाय, त्याला कसली शिक्षा आणखी? सगळे हसले. नेड्राला सोडून.

ठराव तिनंच मांडला. हात तिचा एकटीचाच वर. बाकीचे छताकडे, बुटांकडे, कॉफीकडे बघत होते. तिचा हात तसाच वर. मला एकदम हॉईटच्या दफनाचा दिवस आठवला. तेव्हाही ती अशीच एकटी उभी होती.

मीही मंडळावर आहे. मलाही मत आहे. मी हात वर केला.

मग एकेक करून सगळ्यांनी केला.

घरी येताना गंमत वाटत होती — वेडाच आहे मी — की आयुष्यात एका गोष्टीवर तरी आम्ही दोघांनी मिळून हात वर केला!

३ मे, शनिवार

आज मेळा. मी घरी. पेकनखाली खुर्ची टाकून बसलो. तिला आता बैठकीबाहेर कुठं भेटणार? चार ओळी करायला घेतल्या, एकच झाली, तीही लंगडी.

संध्याकाळी डुएनचा फोन. माझ्या खुर्चीवर नेड्रा बसली होती. लोक चाल विचारत होते. तिला येत नव्हती. तरी म्हणाली म्हणे, आणि फार वाईट म्हणाली.

६ मे

नेड्रा आली होती. आत आलीच नाही, पायरीवर उभी राहूनच म्हणाली, ‘बंदी मेळ्याच्या दिवसांपुरती आहे. मीच लिहिलीय, मला ठाऊक आहे. एरवी तो हॉल कुणालाही मिळतो. जूनचा दुसरा शनिवार मी घेतलाय. चर्चचे पास्टर त्या दिवशी मोकळे आहेत. तू आहेस का?’