आपलं दार

सोमवार, ३ मार्च

ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत त्यांचं नाव आहे. डिझाइन – पुरुषोत्तम देवतळे. त्याखाली, ड्रॉन बाय – मी. म्हणजे मी फक्त रेघा ओढल्या!

क्लायंटच्या मीटिंगमध्ये, मोठ्या स्क्रीनवर, पहिल्यांदा दिसलं. वहीत वेळ लिहिली. ११.२०.

मंगळवार, ४ मार्च

नोंद असावी म्हणून लिहिते.

नव्या मेट्रोच्या डब्याच्या पुढच्या तोंडाचं डिझाइन आमच्या ऑफिसकडे आहे. देवतळे आमचे लीड. बोगद्यात गाडी अडकली तर रुळांवर उतरायचं आपत्कालीन दार सगळ्यांनी चित्रात बरोबर मध्यावर दाखवलं होतं. दार मध्यावर, म्हणजे ड्रायव्हरची काच अरुंद. नोव्हेंबरमध्ये मी टोकियोच्या चियोदा लाइनवरची ६००० सिरीजची गाडी दाखवली. १९६८चा नमुना, २०१८मध्ये निवृत्त. तिथल्या डिझायनरांनी दार मध्यातून उचलून एका बाजूला नेलं, ड्रायव्हरला मोठी काच दिली. दार पुढे खाली पडतं आणि त्याच्याच आतल्या अंगाला पायऱ्या असतात. एका अंगाला झुकलेलं तोंड, पण कुठेही ओशाळलेलं नाही.

देवतळे तेव्हा म्हणाले होते, "ही गाडी तोंड वाकडं करून बघते गं आपल्याकडे."

आता क्लायंटला तेच वाकडं तोंड आवडलं. आता ते त्यांचं.

गुरुवार, ६ मार्च

विचारलं. ऑफिसच्या किचनमध्ये, मराठीत. इंग्रजीत त्यांना सगळे पुरू म्हणतात, मलाही म्हणावं लागतं, आणि पुरूशी भांडता येत नाही.

"सर, चौकटीत माझं नाव का नाही?"

"काहून? तूच म्हणाली ना मीटिंगच्या आधी – आपण दार बाजूला घेतलं, आपलं डिझाइन. मी मिनिट्समध्ये तेच लिहिलं. अवर डिझाइन. टीमचं असलं की लीडचं नाव जातं."

"ते बोलण्यापुरतं होतं."

"मग आपणमध्ये मी नव्हतो?" हसत होते. बिस्किटांचा डबा पुढे केला. घेतलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

पुण्यात 'मी केलं' म्हटलं की आई टोकायची – मी मी नको करूस. म्हणून आपण. निदान 'आम्ही' म्हटलं असतं, तर ऐकणारा बाहेर राहिला असता. इंग्रजीत दोन्हीचं एकच वुई होतं, आणि त्या वुईमध्ये ते आरामात बसले. चार महिन्यांचं काम, एका सर्वनामावर गेलं. मिलिमीटर तपासणारीने शब्द तपासला नाही.

वैभवीला सांगितलं – इथे परदेशात, हॅरोच्या या घरात आम्ही दोघीच राहतो, तिच्याशिवाय सांगणार कुणाला. म्हणाली, "एचआरला ईमेल कर. नाहीतर त्यांच्या चहात मीठ टाक. मी असते तर आधी मीठ."

सोमवार, १० मार्च

ईमेल लिहून ठेवला. चार ओळी, दोन तारखा, नोव्हेंबरची तीन स्केचेस. विशेषणं सगळी काढली. बुधवारी क्लायंटसमोर दाराच्या नमुन्याची चाचणी आहे, ती झाली की पाठवायचा.

बुधवार, १२ मार्च

वॉटफर्डची शेड. डब्याचं लाकडी तोंड, त्याच्यापुढे खऱ्या रुळांचा तुकडा. क्लायंटचे पाच जण. दार पडलं. पायऱ्या रुळाला चुकवून टेकायला हव्यात. शेवटची पायरी नेमकी रुळावर बसली. डुगडुगली. उतरून बघणाऱ्या क्लायंटच्या बाईंनी कठडा धरला, म्हणून पडल्या नाहीत.

चियोदा लाइनवर रुळांमधलं अंतर १०६७ मिलिमीटर. इथे १४३५. संदर्भाच्या तक्त्यातले १०६७ माझ्या आकडेमोडीत तसेच राहिले होते. मला उभ्या उभ्या कळलं. देवतळ्यांनाही कळलं. एकदाच माझ्याकडे पाहिलं.

त्याच बाईंनी विचारलं, ही आकडेमोड कुणाची?

"माइन," ते म्हणाले.

अवर नाही. माइन.

परतीच्या ट्रेनमध्ये मी म्हटलं, "सर, ती माझी होती."

"माहीत आहे. मे महिन्यात तुझा व्हिसा रिन्यूला आहे ना? मग चूप बस." आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

उपकार वाटायला हवेत. वाटत नाहीत. दार घेतलं तेव्हा मला विचारलं नाही. चूक घेतली तेव्हाही नाही.

गुरुवार, १३ मार्च

ईमेल पाठवला. सोमवारचाच, एक ओळ वाढवून.

दार माझं. १०६७ही माझे.