मामांचा नळ आणि धर्माची फारकत

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार.

(तुम्ही लगेच विचाराल की सरकारी नोकराने ‘तीर्थरूप’ कसं लिहिलं. हे पत्र मी सुट्टीच्या दिवशी, घरी बसून, स्वतःच्या कागदावर लिहितो आहे. घरी माणूस कोणालाही तीर्थ मानू शकतो, असा खुलासा आमच्या परिपत्रकाच्या कलम चारमध्ये आहे.)

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं ताईने फोनवर सांगितलं. पट्टी सुटली असेल तर स्वतः वाचा, नसेल तर तिने वाचून दाखवावं. फक्त बातम्या दिल्यासारखं भराभरा वाचू नकोस म्हणावं, माझ्या लिहिण्यातला खवचटपणा त्यात वाहून जातो. ताईच्या घरी चोवीस तास पाणी आहे, हे सांगताना तुम्ही मला जे टोमणे मारलेत ते सर्व पोचले. ‘भाचा पाणीखात्यात आणि मामाच्या घरात पाण्याची बोंब’ हे वाक्य तर मी दोनदा वाचलं. नऊ वर्षांपूर्वी केलेला तुमचा नळजोडणीचा अर्ज आहे तरी कुठे, असा तुमचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर या पत्रात आहे. वळणं घेत येईल, पण येईल. आमच्या पाण्याबद्दल एवढीही खात्री मला देता येत नाही.

पत्रास कारण की, तुमची इच्छा पूर्ण झाली. ‘धर्म घरात ठेवा, सरकार कचेरीत ठेवा’ असं तुम्ही आयुष्यभर वर्गात शिकवलंत आणि निवृत्त झाल्यावर दर महिन्याला वर्तमानपत्रांना लिहून कळवलंत. अखेर सरकारने ऐकलं. दोन महिन्यांपूर्वी परिपत्रक आलं की सर्व कचेऱ्यांतल्या धर्मविषयक वस्तू सात दिवसांत हलवाव्यात, जवळच्या धर्मस्थळाच्या ताब्यात द्याव्यात, पोचपावती घ्यावी आणि तसा अहवाल पाठवावा. या कामी प्रत्येक कचेरीत एक पृथक्करण अधिकारी नेमायचा होता. आमच्याकडे तो मान मला मिळाला. साहेब म्हणाले की असल्या विचारांचे तुमचे मामा आहेत ना, मग हे तुमच्याच घरातलं काम. पगार तोच, टेबल तेच, फक्त शिव्या खायला आता स्वतंत्र हुद्दा आहे.

आमच्या कचेरीतला धर्म तुम्ही पाहिलेला आहेच. साहेबांच्या खुर्चीसमोर भिंतीवर देवाची ती मोठी तसबीर आणि तिच्याखाली काचेच्या दारांचं कपाट. त्या कपाटात काय असतं, हे मात्र तुम्हाला कधी कोणी सांगितलं नाही. फार पूर्वी आमच्या एका जुन्या साहेबांनी स्वतःच्या बदलीचा हुकूम तसबिरीखाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बदली रद्द झाली. तेव्हापासून ज्या फायलीवर सही करायची भीती वाटेल ती देवासमोर ठेवायची, अशी पद्धत पडली. आधी एका दिवसासाठी, मग आठवड्यासाठी, मग कपाट घेतलं. सही केली तर चौकशी होऊ शकते, नाकारली तर तक्रार होऊ शकते. देवाकडे ठेवली तर दोन्ही टळतात. (देवाने यात कधी ढवळाढवळ केली नाही. इतका समजूतदार वरिष्ठ मला नोकरीत दुसरा भेटलेला नाही.) अर्जदाराने येऊन तसबिरीपुढे मनोभावे मान लववली आणि साहेबांची नजर त्या वेळी वर असली, तर फाईल बाहेरही येत असे.

आता मन घट्ट करा. तुमची फाईल त्या कपाटात माझ्या हाताने ठेवली गेली. साहेबांनी विचारलं, अर्जदार तुमचे कोण, मी म्हणालो, मामा. मामाच्या नळावर भाच्याने शेरा मारला तर लोक काय म्हणतील, या विचाराने माझी पाचावर धारण बसली आणि मी ती फाईल स्वतःच उचलून आत ठेवली. वाटलं होतं, महिनाभराचा प्रश्न आहे. पुढे तुम्ही एकदा चौकशीला आलात. साहेबांनी तुम्हाला फक्त तसबिरीकडे बोट दाखवून आधी नमस्कार करा म्हटलं. तुम्ही काय केलंत ते सगळ्या कचेरीला पाठ आहे. तुम्ही उभ्या उभ्या पाऊण तास नागरिकशास्त्राचा तास घेतलात आणि छत्री विसरून निघून गेलात. त्या दिवशी फाईल तळाला गेली. मामी मात्र रोज सकाळी खालच्या सार्वजनिक नळावरून दुसऱ्या मजल्यावर बादल्या नेत राहिली. गेल्या वर्षी तिचे गुडघे गेले, तेव्हा मी भेटायला आलो होतो आणि तुम्ही दोघांनी मलाच चहा केलात. त्या चहाचं पाणी कुठून आलं होतं ते मला ठाऊक होतं. मामा, मला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून फाईल बाहेर काढण्याची तरतूद आमच्याकडे नाही.

असो. तर कपाट हलवायचं ठरलं. धर्माला कचेरीबाहेर काढायला कोणती वेळ शुभ आहे, हे साहेबांनी मला गुपचूप प्रार्थनाघरात जाऊन विचारून यायला लावलं. तिथले प्रमुख, ज्यांना अख्खं गाव मोठे बाबा म्हणतं, त्यांनी अकरा वीस सांगितली. खरी पंचाईत पुढेच होती. फायली बाहेर काढायच्या तर यादी करावी लागणार. यादी केली तर त्या देवाकडे का होत्या, हे लिहावं लागणार. आणि ते लिहून खाली सही करायला हेडक्लार्कपासून शिपायापर्यंत कोणी तयार होईना. शेवटी हेडक्लार्कला परिपत्रकात ‘आहे त्या स्थितीत, आतील वस्तूंसह’ असे शब्द सापडले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बरोबर अकरा वीसला आम्ही तसबीर आणि दोनशे चौदा फायलींसह कपाट हातगाडीवर चढवलं, किल्ली सुतळीने मुठीला बांधली आणि पोचपावती घेऊन आलो. ‘कपाट एक, आतील वस्तूंसह, मिळाले.’ (वरच्या खणात साहेबांचा जादा गोल शिक्काही होता. नवा आला तेव्हा देवापुढे ठेवला होता, तो तिथेच राहिला. हे माझ्या लक्षात होतं. पण यादी करायची नाही असं एकदा ठरल्यावर एकट्या शिक्क्याची आठवण काढणं बरं दिसलं नसतं.)

मोठ्या बाबांनी कपाट उघडलं आणि फायली वाचायला बसले. जन्मभर लोकांची गाऱ्हाणी ऐकलेला माणूस. त्यांना वाटलं, सरकारनेच ही गाऱ्हाणी आपल्याकडे सोपवली आहेत. नवल एवढंच होतं की या खेपेस मागणाऱ्यांना मोक्ष नको होता, अर्धा इंची नळ हवा होता, आणि तो देणं हातातलं होतं. अर्जावर आक्षेप घ्यायचा असतो, त्रुटी काढायची असते, आणखी एक दाखला मागायचा असतो, हे त्या भल्या माणसाला कोणी शिकवलेलंच नव्हतं. त्यांनी प्रत्येक अर्जाखाली ‘देणे’ असं लिहिलं, गोल शिक्का मारला आणि फायली आमच्या फिटरकडे पाठवून दिल्या. आमचा फिटर शिक्का बघतो, सही बघत नाही. वीस वर्षांत त्याला महिन्याला दोन मंजुऱ्या मिळत. आता रोज पाच मिळू लागल्या. तो म्हणाला की एवढं काम असतं हे माहीत असतं तर मी नोकरीच धरली नसती. तरीही त्याने सहा आठवड्यांत एकशे तीस नळ जोडले.

त्यामुळे प्रार्थनाघराबाहेर सकाळी सातपासून रांग आणि आमच्याकडे शुकशुकाट. तिथे लोक हातात घराचे नकाशे घेऊन उभे, बाबा त्यांना पाईपची लांबी विचारत आहेत, आणि प्रार्थनेला बसायला कोणाला सवड नाही. आमच्याकडे उलट अशी शांतता पसरली की दोन म्हातारे रोज दुपारी येऊन डोळे मिटून बसू लागले. तसबीर गेली त्या भिंतीवर रंग न उडालेला एक पांढरा चौकोन राहिला आहे. साहेब नव्या फायली घेऊन त्या चौकोनाकडे बघत बसायचे. आता हे कुठे ठेवू, असं त्यांनी मला तीनदा विचारलं. मी म्हटलं, साहेब, आता निर्णय घ्यायचा. दुसऱ्या दिवशी रजेच्या अर्जासोबत त्यांचा रक्तदाबाचा दाखला आला. सध्या फायली आम्ही त्या चौकोनाखाली जमिनीवर रचतो. त्यात धार्मिक काही नाही, तो फक्त रंगाचा फरक आहे, असं मी अहवालात लिहून दिलं आहे.

मामा, त्या एकशे तीस नळांत एक तुमचा आहे. तुम्ही ताईकडे असताना तुमच्या स्वयंपाकघरात पाणी आलं. मामीने तुम्हाला फोनवर सांगितलं नाही, कारण मंजुरी कोणी दिली हे तुम्ही पहिल्या वाक्यात विचारलं असतं. पहिल्या दिवशी ती तासभर नळ नुसताच चालू-बंद करत होती, असं शेजारीण सांगते.

आणि इथेच माशी शिंकली. वर कोणाच्या तरी लक्षात आलं की नागरिक समाधानी आहेत. चौकशी झाली आणि गेल्या सोमवारी दुसरं परिपत्रक आलं. धर्मसंस्थेने सरकारी मंजुरी देणं म्हणजे धर्म आणि सरकार यांची सरमिसळ. सबब अशा सर्व मंजुऱ्या मुळातच रद्द आणि असे सर्व नळ तोडावेत. तोडायची यादी पृथक्करण अधिकाऱ्याने करावी. मी केली. तुमचा क्रमांक सतरा आहे आणि खाली माझी सही आहे. येत्या मंगळवारी फिटर पाना घेऊन तुमच्याकडे येईल. तत्त्व म्हणून यात एक अक्षरही चुकीचं नाही. तुमच्याच जुन्या पत्रांतली दोन वाक्यं या परिपत्रकात जशीच्या तशी आहेत. वाचून ऊर भरून आला असता, पण मला मामीचे गुडघे दिसत होते.

तुम्ही सोमवारी घरी पोचणार असं ताई म्हणाली. प्रवासात डोळा सांभाळा, औषधाचे थेंब वेळेवर घाला, आणि घरात शिरल्यावर आधी बसा, पाणी प्या आणि मगच आजूबाजूला बघा. ताईला नमस्कार.

तुमचा लेकरासारखा (पण सरकारी) भाचा

ता. क. हे पत्र संपादकांना पाठवू नका.

ता. क. दुसरा. तसबिरीचं सांगायचं राहिलं. ती मोठ्या बाबांनी हातगाडीबरोबरच परत पाठवली होती; अशी त्यांच्याकडे आधीच एक आहे म्हणाले, कपाट मात्र हवं होतं. कचेरीत परत लावता येईना, फेकायची कोणाची छाती होईना, म्हणून ती माझ्या घरी दाराआड उभी होती.

ता. क. तिसरा, आणि खरं तर एवढ्याचसाठी पत्र लिहायला बसलो. काल मामी आली होती. तिने माझ्याकडून दुसरं परिपत्रक पहिल्यापासून वाचून घेतलं. कलम नऊला तिने मला थांबवलं. नागरिकाच्या घरातल्या कोणत्याही पूज्य वस्तूला सरकारी माणसाने हात लावू नये, हलवू नये. तशी वस्तू कामाच्या आड आल्यास काम थांबवावं, वर कळवावं आणि आदेशाची वाट पाहावी, असं ते कलम आहे. आमच्या खात्याने कशाची वाट पाहायला घेतली की किती वर्षं जातात, हे तिला चांगलं माहीत आहे. तिने दाराआडची तसबीर उचलली, रिक्षात घातली, आणि संध्याकाळपर्यंत ती तुमच्या स्वयंपाकघरात पाईपला तारेने घट्ट बांधलेली होती. नळावर पाना लावायला जागाच उरलेली नाही, असं फिटर स्वतः बघून आला आणि खुशीत सांगत होता. आता धोका सरकारचा राहिलेला नाही, तुमचाच आहे. सोमवारी तुम्ही ती पाहाल, चष्मा पुसाल आणि पक्कड मागाल. विनंती एवढीच की मागू नका.

मी मामीला विचारलं होतं की तुझा यावर विश्वास कधीपासून बसला. ती म्हणाली, “माझा विश्वास नळावर आहे रे. आणि त्यांना लिहून टाक, नऊ वर्षं तत्त्व त्यांचं होतं आणि बादल्या माझ्या. तसबीर काढायची असेल तर खुशाल काढा म्हणावं. बादली मी टाकलेली नाही, दाराशीच ठेवली आहे.”