मानेत वाढलेलं हाड

दादा,

परवा निगडीला बसमधून उतरलो आणि थोडा चाललो, तर मागून एक बाई ओरडली, "ओ भाऊ, चप्पल राहिली तुमची!" खाली पाहिलं तर उजवा पाय अनवाणी. तापलेल्या डांबरावर उभा होतो आणि पायाला त्याचा पत्ताच नव्हता. तेव्हापासून तुम्ही डोळ्यांसमोरून हलत नाही. तुमची चप्पल अशीच गळायची. आई ती शोधत मागे जायची, आणि तुम्ही तिच्यावरच खेकसायचात.

डॉक्टरांनी मला माझीच मान पडद्यावर दाखवली. मणक्यांच्या मागून एक पट्टी जाते, ती माझ्या मानेत हाडासारखी कडक झालीय आणि आतल्या बाजूला वाढत चाललीय. मज्जारज्जूला जागाच उरलेली नाही. "घरात कुणाला असं होतं का?" त्यांनी विचारलं. मी माझ्या वडिलांचं, म्हणजे तुमचं सांगितलं, पण खात्री कुठून देणार? तुम्ही जाईपर्यंत तुमच्या मानेचा फोटो कधी निघालाच नाही. तुमच्या कंपनीच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं होतं. "मानेला सुरी लावली का माणूस खाटंवरनं उठत न्हाई," तुम्ही म्हणालात. "वात हाय नुसता." आणि येताना तेलाची बाटली घेऊन आलात.

तुमचा खरा इलाज म्हणजे रविवारचा न्हावी. केस कापून झाले की त्याचा एक हात तुमच्या हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागे. कट्ट! तुम्ही डोळे मिटून म्हणायचात, "आता कसं मोकळं वाटलं!" मला नोकरी लागली त्या रविवारी तुम्हीच त्याला म्हणालात, "आता याचीबी मोड." केवढा मान वाटला होता मला. त्यानंतर इतकी वर्षं मी एकदाही मान मोडून घ्यायचं चुकवलं नाही.

आता डॉक्टर म्हणतात, मानेला एक झटका बसला तरी हातपाय जागच्या जागी जाऊ शकतात. ते ऐकून आलो आणि या रविवारी केस कापायला बसलो. गप्पांच्या नादात माझंही लक्ष नव्हतं. न्हाव्याचा हात सवयीने हनुवटीखाली आला आणि मी असा किंचाळलो की शेजारच्या खुर्चीतला माणूस तोंडाला साबण लावलेला तसाच उभा राहिला. "काय झालं राव?" न्हावी घाबरून म्हणाला. मी उठून बाहेर पडलो. घरी पोचेपर्यंत मी मान हातांनी धरून चालत होतो, वेड्यासारखा.

चाकणला कंपनीत माझं काम माल तपासायचं. हल्ली मापाचं गेज बोटांतून निसटतं. पोरं हसतात, "भाऊ, झोप झाली नाही काय?" मीही हसतो. ऑपरेशन गुरुवारी आहे. मला भीती वाटते, दादा. जाग येईल आणि पायाचा अंगठा हलव म्हणतील, आणि तो हलणार नाही, याची भीती वाटते. तुमचं ते सुरीचं वाक्य माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

पण आज सकाळी शर्टाचं बटण लागेना. बराच वेळ झटलो. बायको पोळ्या टाकून आली, पिठाच्या हातांनीच सगळी बटणं लावली आणि काही न बोलता परत तव्याकडे गेली. आईही तुमची बटणं अशीच गुपचूप लावायची. पुढे घासही भरवायची, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून गिळायचात. मी दारात उभा राहून ते बघायचो आणि आत यायचो नाही.

नाश्ता झाल्यावर मी दवाखान्यात फोन केला आणि गुरुवारी ऑपरेशनला नक्की येतो म्हणून सांगितलं. बायको म्हणाली, धीराचे आहात. मी तिला तसंच वाटू दिलं. हा कागदही कुठे पाठवायचा नाही, म्हणूनच तुम्हाला सांगतो. माझ्यात धीर कसला? सुरीची भीती आहेच, पण तुमच्यासारखं होण्याची त्याहून जास्त आहे, म्हणून जातोय.