हॉलवरची खारी माती

पिंप्राळा, जळगाव
सोमवार, २१ एप्रिल २०२५

ती. प्रेमराजभाऊस,

दीपमालाचा नमस्कार. मी बरी आहे. इथे पारा चव्वेचाळीसवर गेलाय, देवपुरात काही वेगळं नसेल. पुनमवहिनींना नमस्कार सांग.

आधी दुरुस्ती. होळीनंतरच्या पत्रात मी लिहिलं होतं की गावच्या अंगणातला लिंब तू कुणालाही न विचारता तोडलास. ते खरं नाही. मी आईला विचारलं. तू तिला आणि नानाकाकांना विचारलं होतंस आणि दोघंही हो म्हणाले होते. विचारलं नव्हतंस ते फक्त मला, आणि त्या अंगणात मला विचारायची पद्धत नाही. तेवढा आरोप मी मागे घेते. बाकीचा एकही घेत नाही.

दुसरी दुरुस्ती तुझ्या सोयीची नाही. लिंबाच्या जागी तू बांधलेल्या हॉलच्या छपराचे मधले पाइप दोन बोटं वाकलेत असं मी लिहिलं होतं. पण मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लावलेली सुतळी सैल होती. ती स्वतःच मध्ये लोंबत होती, म्हणून पाइपांचा वाक कमी दिसला. मागच्या आठवड्यात मी नायलॉनचा दोरा घट्ट ताणून पुन्हा मोजलं. वाक चार बोटांचा आहे. त्यातला किती माझ्या सैल सुतळीमुळे आधी दिसला नव्हता आणि किती मधल्या महिन्यात वाढला, हे मला सांगता येणार नाही, म्हणून सांगत नाही. मी मोजून गेले आणि दुसऱ्याच दिवशी तू हॉलला कुलूप लावलंस. किल्ली देवपूरला नेलीस.

होळीनंतरच्या पत्राला तू उत्तर लिहिलं नाहीस. घरच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकलास. 'हाई देखा आम्हनी माती-इंजिनियर. भाऊनं बांधेल हॉलले दोरा लाईसन मोजस.' खाली सगळ्यांनी हसरी तोंडं टाकली. म्हणून या वेळीही कागदच. फोनवर तू मधेच बोलतोस, आणि माझं अर्धंच राहतं. कागदावर मला शेवटपर्यंत बोलता येतं.

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला मी आपल्याच अंगणासाठी बैठकीची जागा डिझाइन केली होती. लिंब मधोमध, त्याच्या तीन बाजूंनी ओसरी, वर धाब्याचं छप्पर, म्हणजे आपल्याकडे पूर्वीपासून असतं तसं: जाड सागवानी तुळया, त्यांवर फळ्या, त्यावर लिंबाचा पाला आणि वर खारी माती. सिमेंट जवळजवळ नाही, पंख्याची गरज कमी. दिवाळीला तू माझ्या शीटचा मोबाइलवर फोटो काढलास. मला बरं वाटलं होतं. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि माझं काम घरातल्या माणसाने एवढं निरखून बघितलं ते पहिल्यांदाच.

त्या फोटोतून तू माती घेतलीस आणि तुळया सोडल्यास. नऊ इंच मातीचा थर माझ्या शीटवरचा आहे, तसाच्या तसा. पण खाली पत्र्याच्या शेडला वापरतात ते पाइप आणि पत्रे. ते फक्त पत्र्याचं वजन पेलायला असतात. 'गाडी बी मातीवर चालस, छप्पर काय धरावणार नही?' असं तू नानाकाकांना म्हणालास, आणि ते हसले. मी तिथेच चहाचे कप उचलत होते.

त्यात पाणी. तुला स्लॅबची सवय. स्लॅब टाकला की पंधरा दिवस पाणी मारायचं. तू या मातीलाही तसंच पाणी मारतोयस, हॉल गार राहावा म्हणून. रोज संध्याकाळी तुझा गडी झुलाल बाहेरून शिडी लावतो आणि मोटरचा पाइप वर सोडतो. भाऊ, खारी माती धाब्यावर टाकतात ती पाणी खाली सोडत नाही म्हणूनच. पावसाळ्यात आपले लोक तिला उतार देतात, पाणी वाहून जावं म्हणून. तू सपाट पत्र्यावर कडेने विटांचा काठ बांधून तिथे तळं केलंयस. ओली माती कोरडीपेक्षा किती जड होते हे तुला कळतं. रेतीची ट्रॉली ओली आली तर ड्रायव्हरशी तूच भांडतोस. शिवाय मातीतला खार लोखंड खातो.

मी हे सगळं बोरोले मॅडमना दाखवलं. त्या आम्हाला बांधकाम शिकवतात. तुझं नाव सांगितलं नाही, एक ठेकेदार म्हटलं. त्यांनी हिशेब केला, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, 'याखाली कोणी बसतं का?' मी म्हटलं, अजून नाही. त्या म्हणाल्या, 'मग बसू देऊ नकोस. आधी खालून टेकू द्या, मग कडेकडेने माती उतरवा. मधे कोणी चढायचं नाही.'

अजून नाही, हे मी खरं सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

आखाजी पुढच्या बुधवारी आहे. दरवर्षी सगळ्या भाऊबंदांच्या पोरी माहेरी येतात आणि लिंबाला झोके बांधतात. या वर्षी लिंब नाही. आईला मी फोनवर विचारलं, झोके कुठे बांधणार. ती सहज म्हणाली, 'लिंब गया ते गया. हॉलमा पाइप शेतस ना, तठेच बांधूत. पोरी उन्हमा कसाले तपतीन?' चार झोके बांधायचे ठरलेत. चार झोके, एकेकावर दोघी-दोघी उभ्या राहून झोका उंच चढवणार, त्या वाकलेल्या पाइपांवर, वर ओली माती. खाली बघायला बसलेल्या बाया आणि लहान मुलं. मी आईला समजावलं. ती म्हणाली, 'भाऊना मान राख, माय. त्याले काय कळत नही का?' नानाकाकांना फोन केला. ते म्हणाले, 'भाऊनं तुनं नाव दारवर लायं, आखो काय पाहिजे तुले?'

पाटीचं लिहायचं मी टाळत होते. आता लिहिते.

हॉलच्या दारावर संगमरवरी पाटी आहे: 'आर्किटेक्ट कु. दीपमाला'. मी आर्किटेक्ट नाही. चौथ्या वर्षाला आहे. पाचवं वर्ष व्हायचंय, मग नोंदणी, आणि तोपर्यंत ते नाव लावणं कायद्यात बसत नाही. पाटीचा फोटो ग्रुपवर आला तेव्हा मला वाटलं, तू कौतुकाने केलंस, कायदा तुला माहीत नाही. महिनाभर मी तेच समजत होते.

परवा अमळनेरहून दीपक यांचा फोन आला. आखाजीला मला बघायला येणारे पाहुणे ते हेच. तू मला म्हणाला होतास, हॉल बघायला ओळखीचे लोक येतायत. दीपक फार संकोचून बोलत होते. 'तुमचे भाऊ म्हणाले की तुमचं शिक्षण झालं, आता पुढचं वर्ष करायचं नाही. तुमच्या नावाची पाटीही दाखवली. पण कॉलेजच्या साइटवर तुमचं नाव चौथ्या वर्षाच्या प्रदर्शनात आहे, म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं.' मी त्यांना काय आहे ते सांगितलं. ते म्हणाले, 'मग मी घरी तसंच सांगतो.' त्यांचा राग नाही. मला विचारणारे ते एकटेच.

म्हणजे पाटी कौतुकाची नव्हती. पाटी लागली की शिक्षण झालं. आखाजीला मी तुझ्या हॉलमध्ये झोक्यावर बसणार, पाहुणे मला बघणार, वर माझं नाव, आणि त्या नावावर तू माझं पाचवं वर्ष मिटवणार. आणि छप्पर आलंच खाली, तर पाटीवर तुझं नाव कुठेच नाही. हे तू ठरवून केलंस असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. पण ते तसं आहे.

तू म्हणशील शिकून मला माज आला. आठवीत शाळा सोडून तू गवंड्यांच्या हाताखाली गेलास, हे मी विसरले नाही. त्याचा मान मी राखला, चहाचे कप उचलले. छपराखाली बसणाऱ्या पोरींच्या जिवावर तो मान राखणार नाही.

शुक्रवारी माझी ज्युरी आहे, म्हणजे वर्षभराचं काम परीक्षकांसमोर मांडायचं. ती झाली की मी निघते. सुतारकाम करणाऱ्या मगनकाकांशी बोलणं झालंय. ते शिंदखेड्याहून टेकूसाठी लाकडी बल्ल्या घेऊन येतील. आधी टेकू, मग माती, मॅडम म्हणाल्या तसंच. पाटी मी स्वतः काढीन. फोडणार नाही, काढून तुझ्याकडे देईन. हॉल पाडायचा नाही. माती उतरवून नुसते पत्रे ठेवले तर तो उभा राहील. पण झोके त्याला बांधायचे नाहीत, या वर्षी नाही आणि पुढेही नाही.

तोवर एवढंच कर: पाणी आजपासून बंद. आणि किल्ली पाठव. मी आल्यावर कुलूप उघडलेलं नसलं तर माझा अर्ज तयार आहे. ग्रामपंचायतीत देईन आणि एक प्रत तहसीलला. त्यात तुझं नाव ठेकेदार म्हणून असेल, माझं विद्यार्थिनी म्हणून. देवपुरात तुझी चार कामं चालू आहेत, त्यांच्यावर याचा काय परिणाम होईल ते मला कळतं. कळून लिहितेय.

अक्षर वाईट आलंय. त्याचा अर्थ लावत बसू नकोस.

शनिवारी, २६ एप्रिलला, सकाळच्या पहिल्या बसने येणारी
तुझी बहीण,
दीपमाला