पहिली मूठ

प्रिय इनुस,

परवा खुटबावला तुझ्या घरी जाऊन आलो. गुलशन वहिनींनी ओट्याला नवी फरशी बसवलीय. तुझी लेक तहमीना रोज डेमूने पुण्याला कॉलेजला जाते. सगळी बरी आहेत. फोनवर तू प्रत्येक गोष्ट हसण्यावारी नेतोस, म्हणून कागदावर लिहितोय. आमची अक्षदा याचा फोटो काढून तुला पाठवील.

मी अजून शिरूरला शेठच्या मळ्यावरच आहे. ज्यांनी आपल्या शाळेला खोल्या बांधून दिल्या, तेच शेठ. तू राहतोस त्या देशात त्यांचा व्यापार आहे आणि त्याच्या शेजारच्या देशातही. दोघांत लढाई पेटू नये म्हणून त्यांनी दोन्हीकडचे राजदूत गुपचूप मळ्यावर बोलावले. बंगल्यात दिवसभर बोलणी चालली, पण जमेना. शेवटी शेठ बाहेर येऊन म्हणाले, "बिरदेव, आगटी पेटव. हुरड्याला बसू दे त्यांना."

आपण बांधावर कणसं भाजायचो ते आठवतं? जो चोळील त्यानं पहिली मूठ दुसऱ्याला द्यायची. एकदा रुसून तू ती स्वतःच खाल्लीस, तर माझी आई म्हणाली, "आरं इनुस, त्यो काय तुझा वैरी हाय व्हय?" ही रीत मी शेठना सांगितली, त्यांनी पाहुण्यांना. तुमच्याकडच्या म्हाताऱ्या राजदूताने हात पोळत कणीस चोळलं, फुंकर मारली आणि मूठ समोरच्या राजदूताला दिली. तो हसला. खाऊन त्यानेही एक कणीस चोळायला घेतलं. मी मनातल्या मनात रांजणगावच्या गणपतीला हात जोडले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बाजूला जाऊन परत आला तेव्हा चेहरा उतरलेला. चोळलेले दाणे त्याने ताटलीत ठेवले, म्हाताऱ्याचे दोन्ही हात घट्ट धरले आणि गाडीत बसला.

आगटी विझली तरी शेठ तिथंच बसून होते. सगळ्या तालुक्याला आधार देणारा माणूस, पण त्या वेळी पोरका वाटला. त्या ताटलीला कुणी हात लावला नाही. मी उचलायला गेलो तेव्हा ते हळू म्हणाले, "तुझा दोस्त तिकडंच आहे ना? बोलावून घे त्याला."

म्हणून हे लिहितोय, इनुस. नोकरीचा करार पुरा करून येतो, असं या वेळी म्हणू नकोस. विमानं सुरू आहेत तोवर निघ. वहिनींना मी काही बोललो नाही. चहा पिऊन आलो, एवढंच. येत्या आठवड्यात ज्वारी टणक होईल, मग हुरडा होत नाही. त्याच्या आत ये. पहिली मूठ मी चोळून देतो.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
बिरदेव