पितळ ओतायच्या खोलीला काच

बाबा, तुम्हाला मुळीच आवडणार नाही असं काम मी केलंय, आणि ते सांगायला मला जराही संकोच वाटत नाही. कारधा गावाजवळ पितळेच्या कामासाठी मी आखलेली इमारत उभी राहिलीय. अर्ध्या भागात भांडी घडतात, अर्ध्यात धातूंची नवी मिश्रणं तपासतात, आणि वरच्या सज्ज्यातून आलेगेले सगळं बघतात. खांब फक्त कडेला. आतल्या भिंती नट-बोल्टच्या, वायरी छतावरून. उद्या भट्टी हलवायची झाली तर भिंतही हलेल. आणि ओतायच्या खोलीला सज्ज्याच्या बाजूने अख्खी काच.

हो, काच. आपल्या घरी वितळलेल्या पितळेची मूस भट्टीतून काढायची वेळ झाली की तुम्ही दार लावून घ्यायचात. परक्याची नजर लागली की साच्यातली ओत बिघडते, हा आपल्या गल्लीचा नेम. मी दाराशी उभी. "मी कायची परकी?" असं विचारलं की तुम्ही आतूनच म्हणायचात, "तू उद्या सासरी जाशीन. तुले कायले पाहाचं?" दादाला मात्र आत घ्यायचात, आणि तो तिथे पेंगायचा. मला अजून राग येतो. दादा पुढे मोबाइलच्या दुकानात बसला, तुमचं मिश्रण तुमच्याबरोबर गेलं. दार लावून काय वाचवलंत तुम्ही?

गल्लीतले जुने कारागीर नकाशा बघून अडूनच बसले. "ताई, इथं विटांची भिंत पाहिजे. लोकं पाहून राहिले त हात कसा चालन? नाही त आमी येत नाही." ते आले नसते तर माझी इमारत म्हणजे नुसती रिकामी शेड. तरी मी म्हटलं, एक वीट लागणार नाही. पडदा देते, त्याची दोरी आतून, तुमच्या हाती. बऱ्याच दिवसांनी दोघे-तिघे येऊन दोरी ओढून बघून गेले. मग आले.

परवा पहिली ओत झाली. पडदा त्यांनी अर्धा उघडा ठेवला होता. शाळेच्या मुली काचेला नाक लावून उभ्या होत्या, आणि ओत छान उतरली. तुम्ही असता तर पडदा पुरता ओढला असतात, आणि मी तुमच्याशी भांडले असते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एवढं कबूल करते. शिकताना, फिरताना मी कितीतरी जणांना पितळ ओतताना पाहिलंय. दर वेळी त्यांच्या हातांकडे बघते आणि वाटतं, तुमचे हात असेच चालत असतील का. मला माहीत नाही, बाबा.